घाटात विझणारा दिवा

अत-बाशी
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

कानिशाय,

सलाम. मी ठीक आहे, गाय ठीक आहे. गाडी ठीक नाही, आणि त्याचा दोष तुझ्याकडे जातो.

ऑक्टोबरात तुझ्या दुकानात येऊन चाकं बदलून घेतली. तू म्हणालीस, "मामा, हे लोखंडी रिम, हे बर्फाचे टायर, आता खुशाल किझिल-बेलचा घाट चढा." बिश्केकच्या बाहेर पडतोय न पडतोय तोच समोर पिवळा दिवा लागला. घोड्याचा नाल असतो ना, अगदी तसा आकार, आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. महिना झाला, नाल काही विझत नाही. जुनी चाकं होती तेव्हा चार वर्षांत एकदाही पेटला नव्हता.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी नारीनला माणसं नेतो, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या सीटवरचा प्रत्येक जण विचारतो, "आजोबा, हा दिवा कसला?" आता काय सांगू? शोभेचा, म्हणतो. गेल्या शुक्रवारी एक मास्तरीण त्यामुळे दुसऱ्या गाडीत जाऊन बसली.

तुझी मामी होती तेव्हा शेजारी बसून सगळे दिवे तीच बघायची. पेट्रोलचा काटा खाली आला की माझ्या गुडघ्यावर चापट. आता दिवे मलाच बघावे लागतात.

फोन करू नकोस. इथे रेंज नसते. हे पत्र टॅक्सीवाल्याकडे देतोय, उत्तर त्याच्याच हाती पाठव.

तुझा मामा
बेयशेनाली


बिश्केक
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मामा,

सलाम. अत-बाशीत रेंज नसते म्हणे! तिथले मेंढपाळसुद्धा मला फोन करून टायरचे भाव विचारतात. तुम्हीच फोन उचलता आणि "हॅलो, हॅलो, काही येत नाही" म्हणून ठेवता. बरं, राहू दे. पत्र तर पत्र. उंटावरून शेळ्या हाकते, ऐका.

तुमच्या जुन्या चाकांत, वॉल्व्हच्या आतल्या टोकाला, अंगठ्याएवढं एकेक यंत्र बसवलेलं आहे. ते हवा मोजतं आणि गाडीला कळवत राहतं. नव्या रिममध्ये ते नाही. मी तेव्हाच म्हणाले होते, यंत्रं काढून यात घालू का? तुम्ही म्हणालात, "चल, बाप घोड्यावर हिंडला, त्याच्या घोड्याला कुठे यंत्र होतं?" आता गाडी आपल्या चार चाकांची वाट बघते आहे आणि चाकांकडून निरोप येत नाही.

पण आधी खात्री करा. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, चाकं थंडगार असताना, गेज लावा. गाडी चालवून आल्यावर मोजू नका, तापलेली हवा फुगून खोटं बोलते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कागद चिकटवलाय, त्यावर दोन पूर्णांक दोन बार लिहिलंय. चारही चाकांत तेवढी हवा हवी. तुमच्याकडे उणे वीस झालं की हवा आक्रसते, तेव्हा दर आठवड्याला बघा.

मग चावी फिरवा आणि दिव्याकडे बघा. पहिला मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर गाडीला यंत्रं सापडत नाहीत. घाबरू नका. सुरुवातीपासूनच स्थिर पेटला, तर खरंच कुठेतरी हवा कमी आहे. गाडी तिथेच थांबवा.

जुनी चाकं तुम्ही "फेक नाहीतर विक" म्हणाला होतात. एका गिऱ्हाईकाला दिली.

माझं म्हणाल तर कॉम्प्रेसर दिवसभर बोलतो, मी ऐकते. नवरा नोवोसिबिर्स्कहून रविवारी फोन करतो. या हंगामात तरी येतो म्हणालाय. मागच्या हंगामातही म्हणाला होता.

आणि मामा, रागावू नका, उलारची काही खबर? तुमचा एकुलता एक मुलगा आहे. किती दिवस असे राहणार?

तुमची भाची
कानिशाय


अत-बाशी
सोमवार, २ डिसेंबर

कानिशाय,

मोजलं. चारीत दोन पूर्णांक दोन. दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, म्हणजे तुझं म्हणणं खरं. पण तुझं शास्त्र इथे संपतं. पुढचं ऐक आणि हसू नकोस.

नारीनला जाताना नाल पेटलेला असतो. दुपारी परत निघालो, बाजार सोडला, घाट चढायला लागलो की पाच-दहा मिनिटांत विझतो. आपोआप! अख्ख्या घाटात बंद. उतरून आपल्या गावाजवळ आलो, कबरस्तान मागे पडलं, पूल आला की पुन्हा पेटतो. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. आता सहा वेळा झालंय. मी दरवाज्यामागे खडूने रेघा मारल्यात.

शेजारची म्हातारी म्हणाली, "अरे खुळ्या, तुझी बुर्माकान आहे ती. घाटात तुझ्या शेजारी येऊन बसते आणि कबरस्तान आलं की उतरते." मी तिला म्हणालो, मी चाळीस वर्षं सरकारी ट्रक चालवलाय, मला असलं काही सांगू नकोस. घरी आलो. मग गुरुवारी मृतांसाठी कणकेचे बोर्सोक तळतात तसे तळले. बाईमाणसाचं काम, मला कुठे जमतंय, अर्धे करपले. पण तेलाचा वास तर सुटला, गेलेल्यांना तोच पोचतो. आणि शुक्रवारी घाटात दिवा विझल्यावर मी बोललो तिच्याशी. गाय आटत चाललीय ते सांगितलं. छत गळतंय ते सांगितलं. मागे तीन गिऱ्हाइकं होती, त्यांना वाटलं असेल, म्हातारा गेला कामातून. वाटू दे.

खरं सांगतो, गेल्या बुधवारी एकही गिऱ्हाईक नसताना मी उगाच नारीनला जाऊन आलो. त्या दिवशी नाही विझला. बुधवार होता, तिला कसं कळणार मी येतोय ते? चूक माझी.

तेव्हा तू दिवा दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नकोस. आहे ते बरं आहे.

उलारचं विचारलंस. मॉस्कोत असेल, नाहीतर आणखी कुठे. आई गेली तेव्हा तो तिकडे होता, बर्फाने घाट बंद होता, माती देऊन आम्ही परतल्यावर दोन तासांनी आला. उशिराचं मला काही नाही. बर्फाला कोण काय करणार? पण उशिरा येणारा मुलगा पुलापासून हंबरडा फोडत येतो, "आई गं, माझ्या पर्वता!" म्हणत, आणि दारातले पुरुष त्याला रडून उत्तर देतात. परक्या गावचे लोकसुद्धा ओरडत आले. आणि हा? मी हात धुवत होतो, वळून बघतो तर पोस्टमनसारखा गप्प उभा. तोंडातून शब्द नाही. अख्ख्या गावासमोर आईला मुकी माती दिली त्याने. मी तोंड फिरवलं. चाळिसावा दिवस झाला आणि गेला, बरं झालं.

हा विषय पुन्हा काढू नकोस.

मामा


बिश्केक
शनिवार, ७ डिसेंबर

मामा,

पत्र दोनदा वाचलं. हसले नाही.

बोर्सोक तळताना तेल धुरावू लागलं की ते खाली उतरवायचं आणि मग कणकेचे तुकडे सोडायचे. मामी तसंच करायची.

बिनगिऱ्हाइकाचं घाटात जाऊ नका. या दिवसांत धडधाकट ट्रक घसरतात. आणि एवढंच सांगा, दिवा विझतो तेव्हा मागे कुणाची गाडी असते का? नेहमी एकच? तुमची मागची काच पोत्यांनी भरलेली असते, पण बाजूचा आरसा तर आहे.

विझला म्हणून निश्चिंत राहू नका. दर सकाळी गेज लावाच. जानेवारीत बिश्केकला या. मी चार नवी यंत्रं बसवून गाडीला त्यांची ओळख करून देते, अर्ध्या तासाचं काम. या हो.

उलारबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मी काही बोलत नाही. त्या दिवशी मी तिथेच होते मामा, फाटकाजवळच्या चुलीवर. तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं.

कानिशाय


अत-बाशी
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

कानिशाय,

तुझ्या पत्रातला शेवटचा तुकडा कळला नाही, म्हणून राग आला आणि महिनाभर लिहिलं नाही. आज लिहितोय कारण परवा मरता मरता वाचलो.

मंगळवारची गोष्ट. परत येताना गाडीत मी एकटा, मागे पिठाची पोती. घाटात धुकं, पुढचं बोनेट दिसेना. दिवा विझला. मी म्हटलं, आलीस? बस. आणि तिला सांगत होतो की यंदा वसंतात गाय विकावी म्हणतो, एका माणसाला एवढं दूध काय करायचं. गाडी जरा उजवीकडे ओढत होती. मला वाटलं, बर्फ.

मागून कुणी येडा दिवे मारायला लागला. सारखा. हात बाहेर काढून खूण केली, जा बाबा पुढे. जाईना. मग पुढे आला आणि चक्क रस्त्यात आडवा थांबला! मी त्याच्या बापाचा उद्धार केला, बाजूने गाडी काढली आणि निघालो. शंभर पावलांवर वळणावर गाडी माझं ऐकेना. दरीच्या कडेचा तो दगडी कठडा आहे ना, त्याला घासत जाऊन थांबली. उतरून बघतो तर पुढचं उजवं चाक चपटं, टायर फाटून रिमला गुंडाळलेला, रिम वाकलेला. दोन-तीन किलोमीटर तरी तसाच आलो असेन. तो येडा लांब उभा होता, धुक्यात फक्त त्याचे दिवे दिसत होते. मी चाक बदललं, तोवर तो हलला नाही. मी निघाल्यावर पुन्हा माझ्यामागे.

आता तू विचारशील, रिम रस्त्यावर घासत होता, एवढा खडखडाट, मामा, तुम्हाला ऐकू कसं आलं नाही?

नाही आलं. आता लपवून काय उपयोग. उजवा कान पूर्ण गेलाय, डाव्याने कुणी जवळ येऊन ओरडलं तर कळतं. तुझी मामी आजारी होती त्या हिवाळ्यातच गेला, चाळीस वर्षं इंजिनाशेजारी बसून. फक्त तिला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना कळलं तर बहिऱ्याच्या गाडीत कोण बसेल? आणि मग मी आठवड्याचे सातही दिवस घरात बसून कुणाचं तोंड बघू? म्हणून रेंज नसते.

पण मला एक सांग. चाक बसलेलं होतं आणि दिवा विझलेला होता. अगदी विझलेला! हवा कमी झाली की पेटायचा म्हणून तर तो आहे. बुर्माकान शेजारी असताना असं कसं होईल? तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारायला हवी होती.

मामा


बिश्केक
रविवार, १२ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र वाचून दुकानाचं शटर खाली ओढलं आणि खूप रडले. आता लिहितेय. हे पत्र बसून वाचा.

मामी नव्हती ती. तिने चापट मारलीच असती, तुम्हीच लिहिलंय.

गाडी आपल्या जुन्या यंत्रांना ओळखते. ती दहा-बारा पावलांवर फिरत असली, अगदी दुसऱ्याच्या गाडीखाली असली, तरी त्यांचा निरोप हिला येतो. हिला वाटतं, आपली चाकं आली, हवा ठीक आहे, आणि दिवा विझवते. तुमच्या अंगाखालचं चाक फाटलेलं असलं तरी. हे मला डिसेंबरातच कळलं होतं. मी सांगितलं नाही. तुम्ही तिच्याशी बोलताय असं लिहिलं होतं, मला ते तोडवेना. माझ्या त्या गप्प बसण्यापायी तुम्ही दरीत गेला असतात. मला माफ करा.

तुमची जुनी चाकं उलारच्या गाडीला आहेत. तो मॉस्कोत नाही. एप्रिलपासून नारीनमध्ये आहे, ट्रकच्या गॅरेजात काम करतो, एका खोलीत एकटा राहतो. ऑक्टोबरात दुकानात आला होता, कोपऱ्यात ठेवलेली चाकं बघून म्हणाला, "ही बाबांची ना?" आणि रिमवर हात फिरवत बसला. मी दिली. त्यानेच फोनवर सांगितलं, नोव्हेंबरात घाटात बर्फ पडायला लागल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तो दुपारची सुट्टी काढतो, बाजारात तुमची गाडी निघायची वाट बघतो आणि घाटात मागे राहतो. धुक्यात तुमचे मागचे दिवे दिसावेत म्हणून चिकटून चालवतो. कबरस्तानापाशी थांबतो, आईजवळ जातो आणि तिथूनच परत फिरतो. पूल ओलांडत नाही. परवाचा येडा तोच. बापाचा उद्धार केलात म्हणे, तर तो तुम्ही स्वतःचाच केलात.

आता दुसरं. हे आजच माझ्या डोक्यात उजाडलं.

तो ओरडत आला होता, मामा. पुलापासून. टॅक्सी बर्फात अडकली म्हणून धावत आला आणि असा हंबरडा फोडला की खुंट्याचे घोडे दावं तोडून पळाले. माझ्या हातातला झारा पडला. तुम्ही फाटकाकडे पाठ करून हात धुवत होतात. तो तुमच्या मागे येऊन उभा राहिला, ओरडून ओरडून घसा बसलेला. तुम्ही शांतपणे हात पुसलेत, वळलात, त्याच्याकडे बघितलंत आणि तोंड फिरवलंत. आम्हा सगळ्यांना वाटलं, बापाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यालाही तेच वाटलं. म्हणून गावात कुणी विषय काढला नाही. तुम्ही डिसेंबरात "शब्द नाही" लिहिलंत तेव्हा मला वाटलं, मामा हट्टाने खोटं बोलतायत. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं हे कुणाच्या बापाला ठाऊक?

आपल्यात म्हणतात, भाची दारात येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, कारण भाची मागेल ते मामाला नाही म्हणता येत नाही. आयुष्यात मी तुमच्याकडे काही मागितलं नाही, घोडासुद्धा नाही. आज मागते. घाटात एकदा गाडी थांबवा, उतरा आणि मागे बघा. एवढंच.

कानिशाय


अत-बाशी
सोमवार, १० फेब्रुवारी

कानिशाय,

सात लांडगे परवडले असते.

तुझ्या पत्रानंतर पहिल्यांदा राग आला तो उलारवर नाही, तुझ्यावर. दोन वर्षांपूर्वी एकदा तिला मातीत ठेवलं. तू तिला पुन्हा नेलंस. चार दिवस गाडीकडे गेलो नाही. घरात एवढी शांतता की माझ्यासारख्या बहिऱ्यालाही ती कळली. चहाचे दोन पेले काढायची सवय लागली होती, एक परत ठेवला.

मग मागच्या काचेतली पोती काढली. त्या शुक्रवारी आरशात बघितलं. राखाडी गाडी. थांबावं म्हटलं आणि पाय ब्रेकवर जाईना. पुढच्या मंगळवारीही तेच. काय सांगणार त्याला? मी बहिरा आहे म्हणून तुला घराबाहेर काढलं? त्यापेक्षा रागीट म्हातारा म्हणवून घेणं सोपं. मी पूल ओलांडून गाडी लांब उभी केली आणि बघितलं. तो उतरला, टोपी काढली आणि टोपीनेच तिच्या दगडावरचा बर्फ झाडला. आधी वरचा, मग अक्षरांतला, बोटाने.

तीन वेळा असं लांबून बघितलं. परवाच्या शुक्रवारी कबरस्तानापाशी मी आधी थांबलो. उतरलो. या खेपेला पाठ केली नाही, तोंड रस्त्याकडे करून उभा राहिलो. तो आला, गाडीतच बसून राहिला. मी हाताने बोलावलं. चौतिशीचा बाप्या, शाळेत मार खाऊन आल्यासारखा चालत आला. कानशिलं पांढरी झालीत त्याची. मला ठाऊकच नव्हतं.

मी विचारलं, "त्या दिवशी काय ओरडलास?"

तो काहीतरी म्हणाला. ओठांवरून वाटलं, "जाऊ द्या, बाबा."

म्हटलं, "जाऊ कसं देऊ? मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. डाव्या बाजूला ये आणि पुन्हा ओरड."

तो माझ्याकडे बघतच राहिला, कानिशाय. मग डाव्या बाजूला आला, पण ओरडला आईकडे तोंड करून, "आई गं, माझ्या पर्वता!" आला ऐकू. लांबून, वाऱ्याआडून यावा तसा, पण आला. आता दारातल्या पुरुषाने उत्तर द्यायचं असतं. दार नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं, मीच होतो. मी दिलं. माझा आवाज मला आला नाही. त्याला आला असणार, कारण त्याने मला धरलं.

घरी आला. छत बघितलं, करपलेले बोर्सोक खाल्ले आणि आईसारखेच झालेत म्हणाला. खोटारडा. रात्रीपुरता राहिला आणि सकाळी कामावर गेला. गॅरेज सोडून इथे काय करणार तो? मीही राहा म्हटलं नाही, तोंडापर्यंत आलं होतं.

जाताना म्हणाला, "बाबा, यंत्रं काढून तुमच्या चाकांत घालतो, कानिशायला सांगून अर्ध्या तासात होईल." मी नाही म्हटलं. तू ओरडशील, ओरड, डाव्या बाजूने. यंत्रं त्याच्याकडेच राहू देत. हवा मी रोज मोजतो. गिऱ्हाइकांनाही सांगून टाकलं की कान गेलाय. दोघं दुसऱ्या गाडीत गेले. ती मास्तरीण मात्र परत आली, पुढे बसते आणि काही खडखडलं की माझ्या खांद्यावर बोट टोचते. तिला गुडघ्याचं सांगितलं नाही.

तुझा नवरा आला का? आला नसेल तर तू ये. लांडग्यांसाठी फाटक उघडं आहे.

आज सोमवार. सकाळी चावी फिरवली, नाल मिनिटभर लुकलुकला आणि स्थिर झाला. मागे कुणी नव्हतं. उतरून चारही चाकं मोजली, दोन पूर्णांक दोन. मग कुठे जायचं नव्हतं म्हणून गाडी बंद केली आणि तशीच थोडा वेळ बसलो.

उद्या मंगळवार.

मामा